हा डबा इथे आला कसा?

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात शिल्लक आहे, असं आपण अनेक वर्षं वाचत आलो. पुढे संग्रहालयाचे माजी संचालक सुरेश छाब्रिया आणि इतर अभ्यासकांनी वेगळं मत मांडलं. त्यांच्या मते ही रिळं १९१३ ची नसावीत. फाळक्यांनी हीच कथा १९१७ साली 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' म्हणून पुन्हा चित्रित केली होती, ही रिळं त्या चित्रपटाची असावीत. कथा तीच, दिग्दर्शक तोच, त्यामुळे नुसता पडदा बघून फरक कळणं अवघड. फाळक्यांच्या रिळांबद्दल जर एवढी शंका उरते, तर नांदेडच्या बंद पडलेल्या टॉकीजच्या केबिनमधून किंवा लातूरच्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावरून निघालेल्या गंजक्या डब्याबद्दल ठामपणे काही बोलण्याआधी थोडे कष्ट घ्यायलाच हवेत.

मराठवाड्यात असे डबे शाळांत, वाचनालयांत, टॉकीजमालकांच्या घरी, छोट्या खासगी संग्रहांत अजून निघतात. ते हाती आले की पहिला प्रश्न असतो, 'हा सिनेमा कोणता?' त्याचं उत्तर मिळालं की माणसं थांबतात. माझं म्हणणं असं आहे की खरा प्रश्न त्यापुढचा आहे: ही प्रत इथे आली कशी? तो सिनेमा कदाचित पुण्याच्या संग्रहालयात याहून चांगल्या अवस्थेत असेल. पण ही प्रत कोणत्या वितरकाकडून निघाली, कोणत्या रेल्वेनं आली, कोणत्या फिरत्या सिनेमाच्या तंबूत चालली, परत का गेली नाही, हा इतिहास फक्त या डब्यावर आणि त्याच्या भोवतीच्या कागदांत आहे. डबा पुसला, लेबल खरवडलं, की तो इतिहास गेला. म्हणून खालची कामं सांगितलेल्या क्रमानंच करावीत.

आधी जिवाची काळजी

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ३५ मिमी फिल्म बहुतेक नायट्रेटची असे. ती भडकून पेटते आणि एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही. पुण्यात २००३ च्या जानेवारीत जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या कोठीला आग लागून नायट्रेटचा मोठा साठा गेला. म्हणून १९५५ च्या आधीचा वाटणारा ३५ मिमीचा कोणताही डबा नायट्रेट समजूनच हाताळा. खोली थंड आणि हवेशीर हवी, जवळ शेगडी, विडी, हॅलोजन दिवा नको. तुकडा जाळून बघण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. फिल्म चिकट झाली असेल, तपकिरी भुकटी पडत असेल, तर डबा झाकून वेगळा ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. असा डबा एसटीनं, कुरियरनं किंवा रेल्वेनं परस्पर पाठवायचा नाही. १६ मिमी फिल्म सहसा सेफ्टी फिल्म असते, तिला हा धोका नाही. तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती सडायला लागली आहे. तो डबा बाकीच्यांपासून दूर ठेवा.

पहिलं काम: काही हलवण्याआधी फोटो

डबा जिथे सापडला तिथेच त्याचे फोटो घ्या: खोली, फळी, शेजारचे डबे, मग एकेक डबा सहाही बाजूंनी. शेजारी काय होतं हे पुढे महत्त्वाचं ठरतं. एकाच पेटीत निघालेली रिळं एकत्र फिरलेली असण्याची शक्यता जास्त. प्रत्येक डब्याला तात्पुरता क्रमांक द्या, तो मऊ पेन्सिलीनं कागदाच्या चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी सुती दोऱ्यानं बांधा. डब्यावर मार्करनं लिहू नका, चिकटपट्टी लावू नका. एका डब्यातलं रीळ काढून 'चांगल्या' डब्यात घालण्याचा मोह फार होतो. तो आवरा. घातलंच तर जुना डबा, त्यातले कागद, दोरी, सगळं त्याच क्रमांकानं जपा.

दुसरं काम: डब्याचं अंग वाचणं

मराठवाड्यातल्या डब्याचा माग इथे जेवढा लागतो तेवढा क्वचितच दुसरीकडे लागत असेल. कारण या भागाच्या राज्याची, जिल्ह्यांची, नाण्यांची आणि रेल्वेची नावं शंभर वर्षांत इतक्यांदा बदलली, की लेबलवरच्या पत्त्यावरूनच काळ ठरवता येतो.

पत्त्यात 'हैदराबाद स्टेट' असेल तर तो १९५६ च्या नोव्हेंबरआधीचा. 'मुंबई राज्य' असेल तर १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० च्या दरम्यानचा. 'लातूर, जि. उस्मानाबाद' असेल तर १६ ऑगस्ट १९८२ च्या आधीचा, कारण त्या दिवशी लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. उदगीर, निलंगा, अहमदपूर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. तेव्हा 'उदगीर, जि. बिदर' असं वाचून लेबल चुकीचं आहे असं समजू नका. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबादेत होतं, आणि मुधोळ तालुका त्याच वर्षी नांदेडातून आदिलाबादेत गेला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर लेबल १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. अर्थात लेबल लावणारा माणूस जुन्या सवयीनं जुनंच नाव लिहीत राहू शकतो, म्हणून ही तारीख 'याच्या आसपास' एवढीच घ्यावी.

रेल्वेची चिठ्ठी, म्हणजे बिल्टी, असेल तर ती सोन्याहून मोलाची. नांदेड मनमाड–सिकंदराबाद मार्गावर. निजामाच्या रेल्वेची खूण असेल तर काळ १९५१ च्या आधीचा, मध्य रेल्वेची असेल तर १९५१ ते १९६६, आणि दक्षिण मध्य रेल्वेची असेल तर २ ऑक्टोबर १९६६ नंतरचा. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडीहून येई. १९११ साली ती लातूरला पोचली आणि १९५४ मध्ये सरकारनं कंपनी विकत घेतली. उदगीर मात्र विकाराबाद–परळी मार्गावर, म्हणजे त्याचं तोंड सरळ हैदराबादकडे. त्यामुळे लातूर शहरातली पेटी पश्चिमेकडून आली असेल आणि तिथून काही कोसांवरच्या उदगीरची पूर्वेकडून, हे शक्य आहे. बिल्टीवर कोणत्या स्टेशनचा शिक्का आहे ते भिंग घेऊन वाचा.

पैशाची भाषाही बघा. आणे-पै असेल तर पावती बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीची, आणि निजामाचा 'हाली' रुपया असेल तर आणखी मागची. हाली आणि कलदार (ब्रिटिश रुपया) असे दोन्ही आकडे एकाच पावतीवर असतील तर व्यवहार बहुधा हैदराबाद संस्थानाच्या सीमेपलीकडचा होता. म्हणजे माल ब्रिटिश मुलखातून, कदाचित मुंबईकडून आला असावा.

तिसरं काम: निजाम सर्किट ध्यानात ठेवणं

इथे अनेक जण वाट चुकतात. मराठी माणूस सिनेमाचा माग काढायला निघाला की तो मुंबई, पुणे, कोल्हापूर पाहतो. संस्थान १९४८ ला संपलं, १९६० ला महाराष्ट्र झाला, तरी हिंदी चित्रपटांच्या वितरणाच्या नकाशावर मराठवाडा 'निजाम' विभागातच राहिला. तेलंगण, बिदर-गुलबर्गा-रायचूर आणि आपले जिल्हे, एवढ्या टापूचे हक्क एकत्र विकले जात. म्हणजे नांदेडच्या टॉकीजमध्ये लागलेल्या हिंदी सिनेमाच्या प्रतीचं मूळ शोधायचं तर आधी सिकंदराबाद-हैदराबादच्या वितरकांकडे बघावं. मराठी सिनेमाची प्रत मात्र मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरकडून आलेली असण्याची शक्यता अधिक. एकाच टॉकीजच्या एकाच फळीवर या दोन वेगळ्या वाटांनी आलेले डबे शेजारी बसलेले असतात.

हैदराबादकडे बघण्याचं आणखी एक कारण आहे. १९२० च्या दशकात धीरेन गांगुली यांनी तिथे लोटस फिल्म कंपनी काढली होती. 'रझिया बेगम' दाखवल्यावर त्यांना संस्थान सोडावं लागलं. मूकपटांच्या काळातली एखादी उर्दू पाटी, एखादी जाहिरातीची काचेची स्लाइड तुमच्या पेटीत निघाली तर ती मुंबईचीच असेल असं धरून चालू नका.

चौथं काम: फिल्मचा काठ

आता डबा उघडायचा. सुती हातमोजे, स्वच्छ टेबल, खाली पांढरा उजेड. प्रोजेक्टरवर चढवायचं नाही. सुरुवातीचे दोन-चार हात फिल्म हातानं उलगडून भिंगातून बघायची, बस.

छिद्रांच्या पलीकडच्या अरुंद काठावर फिल्म बनवणाऱ्या कारखान्याचं नाव आणि खुणा असतात. कोडॅकच्या फिल्मवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणांतून वर्ष सांगितलेलं असे. पण त्याच खुणा दर वीस वर्षांनी पुन्हा येत, म्हणून १९२१, १९४१ आणि १९६१ यांची खूण एकच. कोणतं वर्ष ते बाकीच्या पुराव्यावरून ठरवावं लागतं. 'ओर्वो' हे नाव पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या कारखान्यानं १९६४ मध्ये घेतलं, तेव्हा ते असेल तर फिल्म त्यानंतरची. 'इंदू' असेल तर ती उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची, जिथे उत्पादन १९६७ साली सुरू झालं. ही एक खूण बऱ्याच दंतकथा एका झटक्यात संपवते. 'आमच्या आजोबांनी चाळीस साली आणलेली प्रत' असं ज्या डब्याबद्दल सांगतात, त्याच्या काठावर 'इंदू' दिसलं तर तो डबा चाळीस सालचा असू शकत नाही.

पण घाई नको. काठावरची अक्षरं काळी आहेत की पांढरी, हे बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. कृष्णधवल प्रतीवर काळी अक्षरं सहसा त्याच फिल्मची, म्हणजे प्रत छापली त्या काळची. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं दिसली तर ती निगेटिव्हवरून छापून आलेली, म्हणजे चित्रीकरणाच्या किंवा मधल्या एखाद्या निगेटिव्हच्या काळची. एकाच काठावर दोन काळ शेजारी असू शकतात. पांढऱ्या अक्षरांत 'नायट्रेट' असेल तर निगेटिव्ह नायट्रेटचं होतं एवढंच कळतं, हातातली प्रत सेफ्टीची असू शकते. उलट, पांढऱ्या अक्षरांतलं 'सेफ्टी' वाचून बिनधास्त व्हावं असंही नाही. दोन्ही खुणा वेगवेगळ्या नोंदवा: 'निगेटिव्हची खूण' आणि 'प्रतीची खूण'. हे वेगळं न लिहिल्यामुळे झालेला घोळ पुढच्या कुणालाही निस्तरता येत नाही, कारण तोवर फिल्म उघडण्याच्या स्थितीत राहिलेली नसते.

लांबी मोजून ठेवा. ३५ मिमीची हजार फूट फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या वेगानं साधारण ११ मिनिटं चालते, आणि १६ मिमीची ४०० फूटही तेवढीच. जोड किती आहेत आणि कुठे आहेत हेही लिहा. तंबूतून फिरलेल्या प्रती वारंवार तुटत आणि ऑपरेटर त्या जोडत. जोडांची दाटी, ऑपरेटरनं रिळाच्या शेवटी स्वतः कोरलेल्या खुणा, लीडरवर (रिळाच्या टोकाच्या कोऱ्या पट्टीवर) पेन्सिलीनं लिहिलेलं गावाचं नाव, हे सगळं प्रतीच्या प्रवासाचे पुरावे आहेत. ते 'खराबी' या एका रकान्यात टाकू नका.

पाचवं काम: सेन्सॉरचं सर्टिफिकेट

हे सर्टिफिकेट पहिल्या रिळाच्या सुरुवातीला असतं. १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी वेगवेगळी बोर्डं होती. केंद्रीय बोर्ड १९५१ साली आलं. 'यूए' हा शिक्का १९८३ च्या आधी असूच शकत नाही, आणि मंडळाच्या नावातला 'सेन्सॉर' शब्द जाऊन 'प्रमाणन' आला तोही १९८३ मध्येच. सर्टिफिकेटवर अर्जदाराचं नाव, रिळांची संख्या, लांबी असते. तुमच्याकडची रिळं त्याहून कमी असतील तर काय हरवलं आहे ते नेमकं कळतं.

एक खबरदारी. १९५२ च्या कायद्यानं सर्टिफिकेटची मुदत १० वर्षं ठेवली होती. जुना सिनेमा पुन्हा लावायचा तर नवं सर्टिफिकेट घ्यावं लागे. म्हणून १९७० चं सर्टिफिकेट म्हणजे १९७० चा सिनेमा असंच नाही. त्या वर्षी तो पुन्हा बाजारात आला असेल, आणि तसं असेल तर तुमची प्रत बहुधा त्या दुसऱ्या फेरीची.

सहावं काम: सरकारी कागद

सिनेमागृहाचा परवाना जिल्हाधिकारी देत, करमणूक कर त्यांच्याच कार्यालयात जमा होई. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो कर गेला, आणि त्या शाखेचे जुने बस्ते आता कुठल्या खोलीत आहेत हे निवृत्त अव्वल कारकुनांनाच ठाऊक असतं. त्यांना भेटा. परवान्याच्या फायलीत मालकाचं नाव, जागेचा नकाशा, प्रोजेक्टरची माहिती मिळू शकते. कराच्या विवरणात कोणत्या आठवड्यात कोणता सिनेमा चालला ते सापडू शकतं. डब्यावरचं नाव आणि हे विवरण जुळलं की साखळीतली एक कडी पक्की.

१९४८ च्या आधीचे कागद उर्दूत आणि फसली सनात असतात. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यानं सुरू होई. आजूर, दै आणि बहमन या पहिल्या तीन महिन्यांसाठी फसली सनात ५९० मिळवा, त्यापुढच्या महिन्यांसाठी ५९१. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८. महिन्याकडे न बघता सरसकट ५९० मिळवलं तर सप्टेंबर १९४८ चा कागद १९४७ चा होतो, आणि त्याच महिन्यातल्या हैदराबादवरच्या लष्करी कारवाईच्या, म्हणजे पोलीस ॲक्शनच्या, आधीचं-नंतरचं सगळं उलटंपालटं होतं. उर्दू वाचणारे वडीलधारे नांदेडमध्ये अजून आहेत. त्यांच्याकडून वाचून घ्या आणि मूळ कागदाचा फोटो भाषांतराशेजारी ठेवा. छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेखागार, हैदराबादचं तेलंगण राज्य अभिलेखागार आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक हे पुढचे थांबे. अनंत भालेरावांच्या 'मराठवाडा' दैनिकाचे जुने अंक मिळाले तर सिनेमाच्या जाहिराती पानोपानी चाळा.

पोस्टर आणि गाण्यांच्या पुस्तिका निघाल्या असतील तर त्यांच्या तळाशी छापखान्याचं नाव शोधा. १८६७ च्या कायद्यानं छापणाऱ्याचं नाव आणि गाव छापणं बंधनकारक होतं.

सातवं काम: माणसं

ऑपरेटर, डोअरकीपर, पेटी आणायला स्टेशनवर जाणारा हमाल, वितरकाचा प्रतिनिधी, जत्रेत तंबू लावणारे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला जाणारे जुने व्यावसायिक अजून भेटतात. त्यांना 'हा डबा कुठला?' असं विचारू नका. माणूस समोरच्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी नाव घेतो. 'पेटी कुठल्या गाडीनं यायची? परत कोण पाठवायचं? न पाठवलेली पेटी कुठे राहायची?' असं कामाबद्दल विचारा. काका, मामा म्हणून बोलतं करा, चहा होऊ द्या, आणि त्यांच्या परवानगीनंच रेकॉर्ड करा. सांगणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहा; कागदाशी जुळलं नाही तरी खोडू नका, दोन्ही शेजारी ठेवा.

दोन विषयांत जास्त सावध राहावं लागतं. पहिला, 'पोलीस ॲक्शन' लिहिलेले डबे. फिल्म्स डिव्हिजन १९४८ च्या जानेवारीत स्थापन झाली होती, आणि परदेशी न्यूजरील कंपन्याही त्या काळी भारतात चित्रीकरण करत. चित्रात सैन्य दिसलं म्हणून ते आपल्याच तालुक्यातलं ठरत नाही. पाटी, स्टेशनचं नाव, ओळखीची इमारत यांपैकी काहीतरी हवं. दुसरा, किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ नंतरच्या दिवसांत चित्रीकरण झालं ते बहुतेक व्हिडिओ टेपवर. लातूर, औसा, उमरग्यात मिळणारी व्हीएचएस कॅसेट सहसा मूळ नसते, प्रतीची प्रत असते. तिच्याबाबत विचारायचं ते एवढंच: कॅमेरा कुणाचा, पहिली टेप कोणत्या प्रकारची, ही प्रत कुणाच्या यंत्रावर काढली, मध्ये किती हात. आणि त्या टेपमध्ये ओळखू येणारी माणसं असतात, मृतही असतात. त्यांच्या घरच्यांशी बोलल्याशिवाय ती दृश्यं लोकांपुढे आणू नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

आठवं काम: साखळी लिहिणं

प्रत्येक डब्यासाठी एक पान. वरपासून खाली कड्या: निर्माता, प्रयोगशाळा, वितरक, टॉकीज किंवा तंबू, मधले मालक, आजचा संग्रह. प्रत्येक कडीपुढे तीन रकाने: तारीख, पुरावा, आणि खात्री. खात्रीसाठी तीनच शब्द वापरा: 'पक्कं', 'बहुधा', 'ऐकीव'. जिथे काही मिळालं नाही तिथे 'नोंद नाही, अमुक तारखेपर्यंत शोधलं, अमुक ठिकाणी शोधलं' असं लिहा. रिकामी कडी शेजारच्या दोन कड्यांवरून अंदाजानं भरू नका. एकदा भरलेला अंदाज पुढच्या यादीत 'पक्कं' होऊन बसतो.

मालकी याच पानावर. टॉकीजवाल्याकडे आलेली प्रत सहसा भाड्याची असे, मुदत संपल्यावर ती परत जायची होती. सरकारी माहितीपटाची १६ मिमी प्रत प्रसिद्धी खात्याची असू शकते. म्हणजे डबा देणाऱ्यानं मनापासून दिला तरी तो त्याचाच होता असं ठरत नाही. देणाऱ्याकडून सहीचं पत्र घ्या: डबा त्याच्याकडे कधी, कुणाकडून आला, आणि तो कोणत्या अटीवर देत आहे. चित्रपटाचा कॉपीराइट प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. वस्तू संग्रहात असली तरी ती दाखवण्याचा किंवा तिची प्रत काढून विकण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

ते पान तीन प्रतींत ठेवा: एक संग्रहाच्या नोंदवहीत, एक डब्याच्या क्रमांकाच्या पाकिटात, एक गावाबाहेरच्या संस्थेत. पुण्याच्या संग्रहालयाला आणि मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला फोटोंसह यादी पाठवा. दुर्मीळ काही असेल तर ते तिथेच ओळखलं जाईल. डबा पुण्याला सोपवायचं ठरलं, तर सोपवण्याआधी डब्याचे, लेबलांचे, बिल्टीचे फोटो आणि साखळीचं पान नांदेडला किंवा लातूरला मागे राहील याची खातरजमा करा, आणि पुण्याला गेलेल्या डब्याचा तिथला दाखल क्रमांक त्या पानावर लिहून घ्या.